गवळणींना अडवणारा नाकेदार

गेल्या चैत्रात मामाच्या गावच्या जत्रेला गेलो होतो, रात्री तमाशा होता, आणि त्यातलं एक अर्धवट राहिलेलं वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये. गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं नमन, झाला, गवळण सुरू झाली. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांच्या पुढं मावशी, म्हणजे डोक्यावर पदर घेतलेला पन्नाशीचा गडी, पावडरीखालून दाढीची काळी छटा दिसत होती, आणि वाटेत कृष्णाचा सवंगडी पेंद्या आडवा. कर भरा मग पुढं जा म्हणाला. मावशी म्हणाली, "कसला रं कर? रस्ता तुझ्या आज्यानं केला व्हय? ह्या खड्ड्यात आमची मडकी फुटली ती कोण भरून देणार?" लोक हसले, कारण स्टँडपासून देवळापर्यंतचा रस्ता तिथल्या प्रत्येकानं त्याच दिवशी तुडवलेला. पेंद्या म्हणाला पावती फाडतो की रीतसर. "पावती? आन् पैसं कुणाच्या घरात जात्यात?" मावशीनं एक हात कमरेवर ठेवला, माईकपाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "नाव सांगू? सांगू का नाव?" सगळा मांडव पुढं झुकला. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याचं शेंगदाणे चघळणं थांबलं. आणि तेवढ्यात पुढच्या खुर्च्यांमधनं जत्रा कमिटीतला एकजण उठला, बोलला काहीच नाही, नुसता हात वर करून बोटं गोल फिरवली, आवरा म्हणून. ढोलकीवाल्यानं ते पाहिलं, मावशीनंही पाहिलं. "जाऊ दे गं बायांनू, मथुरेला उशीर व्हतोय," म्हणून ती वळली, ढोलकी कडाडली आणि पुढच्या मिनिटाला हिंदी गाण्यावर रंगीत लाईट फिरायला लागले.

कुणी आरडाओरडा केला नाही. शिट्ट्या पडल्या, पोरं नाचायला उठली, म्हाताऱ्यानं पुन्हा शेंगदाणे तोंडात टाकले. मला मात्र ते नाव हवं होतं. खरं तर नाव काय असणार हे त्या मांडवात लहान पोरांनाही माहीत होतं, त्यामुळं माहिती म्हणून त्याची काही गरज नव्हती. पण माहीत असणं वेगळं आणि ते माईकवरून, ढोलकीच्या साथीनं, हजार माणसांनी एकदम हसत ऐकणं वेगळं. ते ऐकल्यावर गावातला तो माणूस दुसऱ्या दिवशी पानाच्या टपरीवर उभा राहिला असता तेव्हा लोकांनी त्याच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं असतं, बास एवढंच. सत्ता बदलली नसती, रस्ताही झाला नसता कदाचित. तरी तेवढं व्हायला पाहिजे होतं असं मला मनापासून वाटतं.

गवळणीबद्दल मी लहानपणापासून ऐकत आलोय की ती भक्तीची आहे, किंवा मग चावट आहे. दोन्ही खरं आहे. पण ह्या जत्रेनंतर मला तिसरंच काहीतरी दिसायला लागलं. कष्ट करून दूध काढणाऱ्या, दही लावणाऱ्या, ते डोक्यावर घेऊन मैलोगणती चालत बाजाराला जाणाऱ्या बाया आहेत. वाटेत एक पोरगा, त्याच्याबरोबर त्याची टोळी, आणि तो म्हणतो हा रस्ता माझा, पहिल्यांदा माझा वाटा काढा. आणि ह्या बाया मुकाट देत नाहीत, त्या वाद घालतात, त्याचं कूळ विचारतात, आईकडं जाऊन सांगू म्हणतात, त्याला गाण्यातून धुऊन काढतात. देव आहे म्हणून शेवटी सगळं गोड होतं ते सोडा. पण मुळात हा सगळा प्रसंग कराचा आहे, नाक्याचा आहे, तू कोण रे आम्हाला अडवणारा ह्या प्रश्नाचा आहे. म्हणून तर पेंद्याच्या जागी कधी जकात नाक्याचा कारकून येतो, कधी हवालदार, कधी टोलवाला, आणि लोकांना काही जोडून दाखवावं लागत नाही. राजकारण तमाशात कुणी बाहेरून आणलं असं पुस्तकात लिहितात तेव्हा मला पटत नाही. ते त्या मडक्यांबरोबरच आलेलं आहे.

आजोबा मला फडाचा, म्हणजे फिरत्या मंडळीचा, तमाशा बघायला घेऊन जायचे तेव्हा मला ह्यातलं काही कळत नव्हतं. कळायचं ते एवढंच की आज झोपायचं नाही. कनातीच्या मागं शेकोटी पेटवलेली असायची आणि हलगीवाला हलगी शेकत बसलेला असायचा, मधूनच कानाजवळ नेऊन बोटानं टिचकी मारायचा, मग पुन्हा आगीवर धरायचा. धुराचा आणि तापलेल्या कातड्याचा एक वास, त्यात भेळेवरच्या कांद्याचा, तुडवलेल्या गवताचा, जनरेटरच्या डिझेलचा. आजोबा पटका बांधून पुढच्या रांगेत, मांडी घालून, हातात काठी आडवी. गण उभा राहिला की हसू नाही की बोलू नाही. झीलकऱ्यांनी, म्हणजे मागं सूर धरणाऱ्यांनी, कानावर हात ठेवून "जी जी रं जी" वरच्या पट्टीत नेलं की आजोबांची मान एकदाच हलायची. आणि नंतर सोंगाड्या, म्हणजे हसवणारा नट, आला की हाच माणूस डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचा, काठी आपटायचा, पटका सैल व्हायचा. घरी इतकं हसलेले मी त्यांना कधी पाहिले नाहीत.

आमच्या भागात तेव्हा काळू-बाळूंचं नाव म्हणजे काही विचारू नका. कवलापूरचे ते जुळे भाऊ, दोघे एकसारखे, 'जहरी प्याला'त दोघेही हवालदार. कुठला काळू आणि कुठला बाळू ह्यावर आमच्या पोरांच्यात पैजा लागायच्या. आता मागं वळून बघताना वाटतं की हवालदार हे पात्र ज्यानं कुणी वगात, म्हणजे तमाशाच्या शेवटी होणाऱ्या नाटकात, आणलं तो फार हुशार माणूस असणार. वर राजा आहे, प्रधान आहे, कोतवाल आहे, खाली रयत आहे, आणि मधे हा. ह्याच्या अंगावर सरकारी कपडे आहेत पण पोटात भूकही आहे. तो राजाचा हुकूम सांगायला येतो आणि सांगता सांगता त्या हुकमाचं पार भजं करून टाकतो, मुद्दाम नाही, भोळेपणानं. राजानं विचारलं राज्यात काय चाललंय, की तो खरं सांगून बसतो. आणि पुढच्या रांगेत गावचा पोलीस पाटील, खरा हवालदार, सोसायटीचा चेअरमन बसलेले असायचे, तेही हसायचे, कारण राजाचं नाव भलतंच, राज्य भलतंच, आपल्याला काय त्याचं. पण मागं बसलेल्या गड्यांना नेमकं कळायचं की हे कुठल्या राज्यातलं चाललंय. दोन्हीकडची माणसं एकाच वाक्याला हसतायत आणि दोघांचं हसू वेगळं आहे, हे मी तेव्हा नुसतं बघितलं होतं. त्याचा अर्थ आता लागतोय.

ह्यात लिहिलेलं फार कमी असायचं. वगाची गोष्ट ठरलेली, गाणी ठरलेली, पण बोलणं तिथल्या तिथं. फड संध्याकाळी गावात आला की कलाकारांतला एखादा चहाच्या हॉटेलात जाऊन बसायचा, न्हाव्याकडं दाढी करायचा, आणि तासाभरात त्याला गावातलं सगळं कळायचं, विहीर कुणाच्या नावावर खोदली आणि पाणी कुणाच्या शेतात जातं, शाळेचे पत्रे कुठं गेले. रात्री बतावणीत, म्हणजे वगाआधीच्या विनोदी बोलण्यात, ते सगळं बाहेर. दुसऱ्या दिवशी पुढचं गाव, तिथली विहीर वेगळी, पत्रे वेगळे. त्यामुळं त्याची नोंद कुठंच नाही. उमा-बाबू सावळजकरांच्या 'मोहना-छेलबटाव'ला पहिला वग म्हणतात, 1865 चा, तेव्हापासून किती सोंगाड्यांनी किती गावांत काय काय बोललं असेल ह्याचा विचार केला की मला अक्षरशः हळहळ वाटते. सगळं हवेत गेलं.

गेलं, पण ज्याला त्यातलं बळ कळलं त्यानं ते उचललं.

सत्यशोधक समाज 1873 ला निघाला आणि पुढं त्याचे जलसे गावोगाव फिरायला लागले ते ह्याच ढोलकी-तुणतुण्यावर. गण तसाच, चाल तशीच, फक्त मधे भटजी येतो, सावकार येतो, अडाणी शेतकऱ्याच्या घरातलं लग्न-बारसं-मयत सगळ्यात त्याचा हात कसा येतो ते सवाल-जवाबात उलगडतं. पुढं आंबेडकरी जलसे आले, नाशिककडच्या भीमराव कर्डकांचं नाव त्यात मोठं. महाडच्या तळ्यावर काय झालं, काळाराम मंदिराच्या दारात काय झालं, हे ज्या वस्तीत पेपर येत नव्हता आणि आला तरी वाचणारं कुणी नव्हतं, तिथं जलशातून पोचलं. आणि नुसतं पोचलं नाही तर हसत पोचलं. हे मला विशेष वाटतं. ज्याला पाण्याला शिवू देत नाहीत तो माणूस स्टेजवर उभा राहून शिवू न देणाऱ्याची नक्कल करतोय, आणि वस्तीतली माणसं हसतायत. अपमान झालेल्या माणसाला स्वतःच्या अपमानावर नाही, तर अपमान करणाऱ्यावर हसायला मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळत असणार.

आणि मग अण्णाभाऊ साठे. वाटेगावहून बापाबरोबर चालत मुंबईला गेलेलं पोरगं, गिरणीत काम केलेलं, शाळा जवळजवळ नाहीच. तमाशाच्या फडात नातेवाइकांबरोबर वाढलेला, त्यामुळं हे सगळं अंगात होतं. 1944 ला अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. नुसती नावं वाचा त्यांच्या वगांची, 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'लोकमंत्र्याचा दौरा'. गणात गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवबाला नमन. परळ-लालबागच्या मैदानात हजारो कामगार पाळी संपवून, अंगाला कापसाचे तंतू चिकटलेले, डबा हातात तसेच येऊन बसायचे म्हणे. अमर शेखांचा आवाज माईक नसला तरी शेवटच्या माणसापर्यंत जायचा असं ज्यांनी ऐकलं ते सांगायचे. मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली, ह्यांच्या कार्यक्रमांवर आणली, तेव्हा तेच लोकनाट्य म्हणून उभं राहिलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर शाहिरांशिवाय सभा भरत नव्हती. भाषण करणारे नंतर, आधी डफ. 1 मे 1960 ला राज्य मिळालं. नऊ वर्षांनी, 1969 ला, अण्णाभाऊ जुलैत गेले आणि अमर शेख ऑगस्टमध्ये अपघातात गेले. दोघांच्या वाट्याला शेवटी काय आलं, विशेषतः अण्णाभाऊंच्या शेवटच्या दिवसांबद्दल वाचतो तेव्हा जीव तुटतो. ज्या राज्यासाठी त्यांनी लोकांना हसवत हसवत उभं केलं त्या राज्यानं त्यांच्याकडं तेव्हा बघितलं नाही.

दुसरीकडं राष्ट्र सेवा दलाचं कलापथक होतं. वसंत बापट, निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके, सगळी माणसं त्या तालमीतली. निळूभाऊ दिवसा पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे आणि संध्याकाळी कलापथक. मला हे फार आवडतं, झाडांना पाणी घालून आलेला माणूस रात्री पुढाऱ्याची भूमिका करतोय. त्यांच्यातला तो सावकाश, तिरका, दबका पुढारी लोकांनी नंतर सिनेमात पाहिला आणि घाबरले, पण तो आधी लोकनाट्यात हशा घेत घेत तयार झालाय. पुलंचं 'पुढारी पाहिजे', शंकर पाटलांचं 'कथा अकलेच्या कांद्याची' ह्या खेळांतून. ज्याच्यावर आधी लोकांना पोट धरून हसवलं त्याच माणसाचा पुढं इतका खरा खलनायक होतो, ह्याचा अर्थ मुळात ती नक्कल किती बारकाईनं केलेली असणार.

आणि 'विच्छा माझी पुरी करा'. वसंत सबनीसांनी लिहिलं, 1965 पासून दीड हजारावर प्रयोग झाले. गोष्ट एवढीशी आहे, कोतवाल मरतो, हवालदाराला वाटतं आता आपला नंबर, पण प्रधान आपलाच माणूस आणून बसवतो. मग हवालदार आणि मैनावती मिळून त्या नव्या कोतवालाला राजाचा छपरी पलंग चोरायला लावतात. बास. ज्या देशात प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक शाळेत, प्रत्येक साखर कारखान्यात एक हवालदार बढतीची वाट बघत बसलाय आणि वरून कुणाचा तरी मेहुणा येतोय, तिथं हे किती लागलं असेल. माझ्या काकांनी मुंबईत असताना ते बऱ्याच वेळा पाहिलेलं. मी त्यांना म्हणायचो सांगा ना दादा कोंडके काय बोलायचे. ते सुरू करायचे, स्वतःच हसायला लागायचे आणि मग थांबायचे. म्हणायचे, "तसं सांगून नाय कळायचं रे, त्या दिवशी सकाळच्या पेपरात कायतरी आलेलं होतं आणि त्यावर तो बोलला." कुठल्या दिवशीचा पेपर, काय आलेलं, ते त्यांना आठवत नसायचं. नुसतं हसू आठवायचं. संहिता छापलेली आहे, मी वाचलीय, छान आहे. पण काका ज्याला हसत होते ते त्यात नाही, ते त्या रात्रीबरोबर संपलं.

इथं मला मनातली एक टोचणी लिहायलाच पाहिजे. लोकनाट्य म्हटलं की आपण लेखकांची नावं घेतो, नाट्यगृहं आठवतो, पांढरपेशा प्रेक्षक आठवतो. पण तो पेंद्या, ती मावशी, तो हवालदार, ही सगळी घडवली कुणी? महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या माणसांनी, पिढ्यानपिढ्या, उन्हात ट्रकवर बसून गावोगाव फिरत, गावकुसाबाहेर उतरत. रात्री राजा झालेला माणूस सकाळी त्याच गावात पाण्यासाठी ताटकळायचा. आणि स्टेजवरच्या बायांना जे ऐकून घ्यावं लागलं, अजून लागतं, ते आठवलं की गवळणीबद्दलचं माझं प्रेम अडखळतं. पुढाऱ्यावर विनोद झाला की मी टाळी वाजवतो आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात शेजारी उभ्या असलेल्या पोरीच्या अंगावरून विनोद होतो आणि तेच लोक त्याच जोरात हसतात, मी कुठं बघू? हे दोन्ही एकाच परंपरेतून आलेलं आहे आणि एक ठेवून दुसरं काढता येतं का हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जलसेवाल्यांनी ते करून दाखवलं होतं खरं. त्यांच्याकडं बाईवर हसून वेळ काढायची गरज पडली नाही कारण हसण्यासारखं दुसरं भरपूर समोर होतं.

शाहीर साबळ्यांच्या बाबतीतही असं दोन्ही बाजूनं मन ओढलं जातं. पसरणीचा हा माणूस, साने गुरुजींच्या प्रभावातला, मुक्तनाट्य म्हणून त्यांनी जो प्रकार उभा केला तो मला अफाट वाटतो, 'यमराज्यात एक रात्र', 'असूनी खास मालक घरचा', 'आंधळं दळतंय'. 'आंधळं दळतंय' 1966 चं, मुंबईत मराठी माणसाचं काय चाललंय त्यावर. त्याच वर्षी जूनमध्ये शिवसेना निघाली आणि त्या सगळ्या वातावरणात ह्या मुक्तनाट्याचा वाटा मोठा होता. मराठी माणसाची घालमेल त्यात खरी होती, माझ्या काकांसारखी किती पोरं तेव्हा नोकरीसाठी वणवण करत होती. पण त्यानंतर मुंबईत दक्षिणेकडून आलेल्या इडलीवाल्यांच्या, साध्या कारकुनांच्या वाट्याला जे आलं तेही खरं आहे. लोकांना हसवून जागं केलं की ती जागी झालेली माणसं कुणाच्या दारात जाऊन उभी राहतील हे शाहिराच्या हातात राहत नाही. नाक्यावरच्या पेंद्याला जाब विचारायला निघालेली गर्दी वाटेत दुसऱ्या एखाद्या गवळणीचीच मडकी फोडते. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण 'जय जय महाराष्ट्र माझा' त्यांच्या आवाजात लागलं की आजही मी उभा राहतो. पण दोन्ही मनात आहे ते आहे.

जत्रेनंतर काही दिवसांनी कामानिमित्त नारायणगावला जाणं झालं. पाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कमिटीवाले येऊन सुपाऱ्या ठरवतात, ते दिवस सरत आलेले. एका राहुटीत चहा पीत बसलेल्या एका जुन्या सोंगाड्याला मी ते मावशीचं सांगितलं. कुठल्या गावात, कुठला फड, काही विचारलं नाही त्यांनी. थोडा वेळ बशीत फुंकर मारत राहिले आणि म्हणाले, "पूर्वी तंबूत तिकिटावर खेळ व्हायचा. पैसं कुणी दिलं? समोर बसल्याल्या माणसानं. त्याला हसवायचं, दुसऱ्या कुणाचं मिंधं न्हाई. आता तिकिटाचा धंदा राहिला कुठं, आता सुपारी कमिटीची, कमिटी कुणाची ते तुमाला ठावं हाय. आमच्या पोटाला सत्तर माणसं हायती." मग म्हणाले रात्री दहाला पोलीस माईक बंद करायला लावतात. पूर्वी वग पहाटेपर्यंत चालायचा, सोंगाड्याला फुलायला वेळ मिळायचा. आता गण, गवळण, पंधरा गाणी, संपलं. गाणी कमी केली तर पोरं खुर्च्या फेकतात, मग काय कापायचं? बतावणी कापायची, वग कापायचा.

एवढं सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही सांगितलं, हिशेब सांगावा तसं सांगितलं. मी मनात जत्रेतल्या त्या बोटं फिरवणाऱ्या माणसाला शिव्या घालत गेलो होतो, आणि परत येताना डोक्यात ते तिकिटाचं राहिलं. आपण म्हणतो कलाकारांची हिंमत गेली, लोक लगेच दुखावतात, केसेस होतात. ते आहेच. नाटकं तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाला आधी संहिता दाखवायची असते आणि बतावणीला तर संहिताच नसते, हा घोळ जुना आहे. पण माणूस नाव घेता घेता का थांबतो ह्याचं त्या सोंगाड्यानं दिलेलं कारण इतकं साधं आहे की त्यावर कुणी परिसंवाद भरवत नाही. खेळाचे पैसे कुणी दिले? बघणाऱ्यानं दिले असतील तर नाव येतं. आता मोबाईलवर पोरं पुढाऱ्यांच्या नकला करतात, गाणी रचतात, त्यातली काही फार चांगली असतात, मी बघतो, फॉरवर्ड करतो. पण ती मी एकटा बघतो, सरपंच त्याच्या घरी एकटा बघतो. आजोबांच्या शेजारी मांडी घालून बसलेला पोलीस पाटील त्यात नाही. ज्याच्याबद्दल बोललं जातंय तो समोर आहे, त्याला हसावं लागतंय, आणि आजूबाजूचे तो हसतोय का नाही ते बघतायत, ह्याशिवाय हे काम पूर्ण होत नाही असं माझं मत झालंय.

आणि ते आजही होऊ शकतं. 2012 ला 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं, संभाजी भगतांची कल्पना आणि संगीत, राजकुमार तांगडेंचं लेखन, नंदू माधवांचं दिग्दर्शन. त्यातली बरीचशी मंडळी जालन्याकडची, घरी शेती असणारी. यमराज पुन्हा एकदा खाली उतरलेला, साबळ्यांच्या यमासारखाच, आणि महाराजांचे विचार नेमके कुणाकडं आहेत ह्यावरून गाण्यातून जुंपलेली. मी पाहिलं तेव्हा थिएटरात सगळ्या रंगांचे गमछेवाले होते. पहिल्या दहा मिनिटांत काही चेहरे ताठ झालेले दिसले, पण पोवाडा चढत गेला, सवाल-जवाब सुरू झाले आणि ते ताठ चेहरे हसायला लागले, अगदी मनापासून. बाहेर आल्यावर चहाच्या गाडीवर वाद झाला जोरदार, पण मारामारी नाही झाली. जे त्या लोकांनी एकमेकांच्या तोंडावर कधी ऐकून घेतलं नसतं ते त्यांनी ढोलकीवर ऐकून घेतलं.

आमच्या तालुक्यात 1 ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती जोरात होते. मिरवणूक असते, डीजे असतो, फ्लेक्सवर अण्णाभाऊंच्या बाजूला त्यांच्याहून मोठे फोटो असतात. त्यांचं निवडक वाङ्मय सरकारनं छापलंय, लायब्ररीत ठेवलेलं असतं, पण त्यातला एखादा वग त्या दिवशी कुणी उभा केलाय असं मी आमच्याकडं बघितलेलं नाही. म्हणून कॉलेजमधली काही पोरं-पोरी आणि मी मिळून यंदा 'शेटजींचे इलेक्शन' बसवायला घेतलंय. ढोलकीला शेजारच्या गावचे एक निवृत्त फडवाले यायला तयार झालेत, त्यांची अट एकच, पोरांनी आधी महिनाभर नुसतं झील धरायला शिकायचं. मावशीचं काम एक मुलगी करणार आहे, तिनं स्वतः मागून घेतलं, आणि पहिल्याच तालमीत पेंद्याला असं काही झापलं की फडवाल्यांनी ढोलकी थांबवून तिला पुन्हा म्हणायला लावलं. मधे बतावणीची जागा मोकळी ठेवलीय. तिच्यासाठी पोरं बाजारच्या दिवशी हॉटेलात जाऊन बसतात आणि वहीत लिहून आणतात, टँकरच्या खेपा, घरकुलाच्या याद्या, स्टँडवरच्या बंद पडलेल्या मुतारीचं टेंडर. एका मोठ्या माणसानं मांडवाचा आणि साऊंडचा सगळा खर्च उचलतो म्हणून निरोप पाठवला होता, बॅनरवर फक्त नाव टाका म्हणाला. पोरांची बैठक झाली, बराच वेळ झाली, कारण पैसे कुणाकडंच नाहीत. शेवटी त्यांना नम्रपणे नको म्हणून कळवलं आणि वीस रुपये तिकीट ठरवलं. त्यांनाही एक तिकीट पाठवलंय, पहिल्या रांगेतलं.